नऊ नंबर बाहेर

कँटीनच्या भिंतीवरल्या नोटीस बोर्डाची काच दोन वर्षांपूर्वी फुटली होती, कुलूप मात्र शाबूत होतं. त्यामुळे नोटीस लावायला येणारा शिपाई आधी रीतसर कुलूप उघडायचा, कागद टोचायचा, पुन्हा कुलूप लावायचा आणि ते नीट बसलं की नाही हे दोनदा ओढून पाहायचा. शुक्रवारी सकाळी पाळी सुरू व्हायच्या आधी श्रावण खोब्रागडे चहाचा ग्लास घेऊन त्या बोर्डासमोर उभा राहिला, तेव्हा त्याला तिथे स्वतःचं वाक्य भेटलं. अक्षर त्याचं नव्हतं, टाइपरायटरचं होतं. पण वाक्य त्याचंच. ‘खेळाडू क्र. ९ बाकावरून बाहेर, ४.५२.’ आपला शर्ट दुसऱ्याच्या अंगात दिसावा तसं त्याला झालं, आणि तोही इस्त्री केलेला. वाक्याच्या आगेमागे कार्यालयाची मराठी होती: गुरुवारच्या शेवटच्या लीग सामन्यात मारामारी झाली, मारामारीच्या वेळी राखीव खेळाडूने बाक सोडणे नियमाविरुद्ध आहे, सहा नंबर खाणीच्या मनसाराम मांढरे याने तो सोडल्याचे गुणलेखकाच्या नोंदीवरून सिद्ध होत असल्याने त्यास पुढील एका सामन्यातून निलंबित करण्यात येत आहे, हरकत असल्यास शनिवारी सकाळी समितीपुढे मांडावी. चहा गार होईपर्यंत श्रावणनं ते चारदा वाचलं. पुढील एक सामना म्हणजे रविवारची फायनल, पुन्हा तीन नंबर खाणीशीच. त्यानंतर सामनाच नव्हता. पुढल्या वर्षीही नव्हता, कारण बास्केटबॉलच्या मैदानाखाली कोळसा निघाला होता आणि उघडी खाण खोदत खोदत दिवाळीपर्यंत तिथवर येणार होती. म्हणजे एका सामन्याची शिक्षा मनसारामला जन्मभर पुरणार होती.

श्रावण त्याच सहा नंबरमध्ये हजेरीबाबू होता. खाली उतरणारा प्रत्येक माणूस त्याच्या खिडकीशी येई, पितळी बिल्ला घेई, आणि श्रावण बिल्ल्याचा नंबर आणि वेळ लिही. वर आला की बिल्ला परत, पुन्हा वेळ. नऊ वर्षं त्यानं हेच केलं होतं. कित्येकांना तो चेहऱ्यापेक्षा बोटांवरून जास्त ओळखायचा. ही सवय खाणीच्या फाटकाशी थांबायला तयार नव्हती. भद्रावतीला जाताना एसटीत चढणारे-उतरणारे त्याच्या डोक्यात आपोआप मांडले जात. चौदा एप्रिलच्या सभेला पाहुणे नक्की किती वाजता आले हे वस्तीत फक्त त्याला सांगता यायचं, आणि ते त्याला कोणीही विचारत नसे. त्याची बायको रुखमा शेजारणींना सांगायची, “लग्नात गळ्यात हार पडला तं यायनं पह्यले घड्याळ पाह्यलं, मंग मले.” ते खरं होतं. अकरा वाजून सात मिनिटं झाली होती. अशा माणसाला खेळ समितीनं गुणलेखक केलं यात नवल नव्हतं. कोणी टोपली केली, कोणाचा फाउल, किती वाजता, हे तो असं लिही की सामना पाहिलेल्यांनीही घरी जाण्याआधी त्याची वही वाचावी. वहीत शेवटी ‘शेरा’ असा एक रकाना होता. त्यात आजवर फक्त एकदा ‘म्हैस’ असं लिहिलं गेलं होतं.

गुरुवारी मनसारामचे चार फाउल झाले होते. पाचवा झाला असता तर तो बाद, म्हणून कप्तानानं त्याला शेवटच्या पाच मिनिटांसाठी जपून बाकावर ठेवलं होतं, लोणच्यासारखं. तेवढ्यात तीन नंबरच्या कोणीतरी सहा नंबरच्या कोणाच्यातरी कोपराबद्दल काहीतरी म्हटलं आणि मैदानाच्या मधोमध दहा माणसं आणि एक पंच यांचा ढीग झाला. मनसाराम उठला. मारायला नाही. तो गोंडपिपरीकडच्या तळ्याकाठचा ढिवर. त्यांच्याकडे मोठं जाळं ओढताना ते कुठे अडकलं किंवा कोणी चिखलात घसरलं, तर काठावरच्या प्रत्येकानं पाण्यात उतरायचंच असतं, बसून राहील त्याला मासळीचा वाटा नाही. बाकावरून उठताना मनसारामनं बहुधा काहीच विचार केला नव्हता. तो कमरेत वाकून त्या ढिगात शिरला, हाताला लागलेल्या माणसाला कवेत धरून बाहेर काढला, बाकावर आणून ठेवला, आणि पुन्हा आत गेला. असे तीन काढले. त्यातले दोघं तीन नंबरचे होते, एक तर त्यांचा कप्तानच. ढीग संपला तेव्हा सहा नंबरच्या बाकावर तीन नंबरचा कप्तान हात मांडीवर ठेवून शहाण्यासारखा बसला होता आणि मनसाराम उभा होता. तेवढ्या वेळात मैदानाभोवतीचं प्रत्येक माणूस काहीतरी करत होतं: ओरडत होतं, धावत होतं, चपला शोधत होतं. श्रावण लिहीत होता. एक माणूस रेषेच्या आतून रेषेच्या बाहेर गेला होता, आणि अशा वेळी हात काय करतो हे हाताला ठाऊक होतं. ‘खेळाडू क्र. ९ बाकावरून बाहेर, ४.५२.’ कोणी सांगितलं नव्हतं. तसा रकानाही नव्हता. ‘म्हैस’च्या रकान्यात त्यानं ते लिहिलं, आणि सामना संपल्यावर वही नेहमीसारखी समितीच्या सोमाजीभाऊंच्या टेबलावर ठेवून तो घरी गेला, हात धुतले, आणि रुखमाला म्हणाला, सामना मस्त झाला.

आता खिडकीशी बसून बिल्ले देताना त्याला ते पुन्हा पुन्हा दिसत होतं, पण मनसारामचं उठणं दिसत नव्हतं. स्वतःचं पेन दिसत होतं. पुढे येणाऱ्या बोटांमध्ये चीड आहे का ते तो शोधू लागला. काहींनी बिल्ला घेताना तो जरा जोरात ओढला, असं त्याला वाटलं. पण कदाचित ते रोजच ओढत असतील, आणि आजवर त्यानं लक्ष दिलं नसेल. एकजण म्हणाला, “बाबू, मी आता नाक शिंकरतो, लिवून ठेव.” मागची रांग हसली. श्रावणही हसला, आणि हसताना त्याच्या हातानं हसणाऱ्याचा नंबर आणि वेळ लिहून टाकली, सहा वाजून चाळीस. नियम काय वाईट होता? नियम चांगलाच होता. प्रत्येकाला उठायला कारण असतं. कारण नसताना बाकावरून उठलेला माणूस जगात कोणी पाहिलाय? मग कारणं कोणी तपासायची? रेष सोपी असते. चुन्याची रेष कोणाची जात विचारत नाही, गाव विचारत नाही, कशासाठी उठलास विचारत नाही. श्रावणच्या बापाला रेषांबद्दल फार प्रेम होतं. बाप म्हणायचा, पहिलं आपल्यासाठी रेष नव्हती, मर्जी होती. कागदावर लिहिलेला नियम आला तेव्हा आपण माणसांत आलो. त्यामुळे लिहिलेल्या नियमाला नावं ठेवताना श्रावणला बापाच्या तसबिरीसमोर चप्पल घालून उभं राहिल्यासारखं वाटायचं. पण मनसारामनं तीन माणसं बाहेर काढली होती. ती वहीत कुठे होती? लिहिणाऱ्यानं बाहेर पडणं लिहिलं आणि बाहेर काढणं लिहिलं नाही; कारण त्याची मान खाली होती; कारण तो लिहीत होता.

दुपारी पाळी सुटल्यावर तो सोमाजीभाऊंकडे गेला. सोमाजीभाऊ कल्याण कार्यालयातले हेडक्लार्क, खेळ समितीचे चिटणीस, आणि नियम त्यांनीच केला होता. त्यांचे पुढचे चार दात खोटे होते आणि नियमाचा उगम त्या दातांत होता. “पाह्य बाबू,” ते म्हणाले, “मांगच्या साली भांडण दोघाइचं होतं. सोडवणारे सतरा. भांडणाऱ्याइले खरचटलं नाई. दात सोडवणाऱ्याचे पडले. माह्ये.” त्यांनी दात दाखवले, मग गरज नसतानाही जरा वेळ दाखवत राहिले. “म्हणून मी म्हटलं, उठाचंच नाई. भांडाले नाई, सोडवाले नाई, मुताले नाई. जो उठन तो एक सामना घरी.”

“पण भाऊ, मनसारामनं कोणाले हात नाई लावला.”

“लावला ना. तिघाइले उचललं.”

“सोडवाले उचललं.”

“मी बी सोडवालेच गेलतो,” सोमाजीभाऊ म्हणाले, आणि खिडकीबाहेर पाहू लागले. बाहेर कोळसा फोडणाऱ्या क्रशरची काळी धूळ कडुनिंबावर बसत होती. मग ते एकदम हळू आवाजात, जणू कडुनिंबाला सांगावं तसे बोलले: “मले काय आनंद झाला का, बापा? मनसाराम नाई तं फायनलमंधी आपली फजितीच हाये. पण तू लिवलं. लिवलेलं मले कसं पुसता येईन? आता उद्या तू येऊन म्हणशीन, का मी डोयानं नाई पाह्यलं, गडबडीत कोणी सांगतलं म्हणून लिवलं, तं नोंद आपोआप पडते. नोंद पडली का शिक्षा पडते. मी काई म्हणलो नाई. मी झाडाकडे पाहून राह्यलो.”

श्रावण बाहेर आला तेव्हा त्याला पायऱ्या मोजायच्या राहिल्या, ज्या तो नेहमी मोजायचा. एवढंच वाक्य. मी डोळ्यांनी पाहिलं नाही. आणि ते अगदीच खोटंही नव्हतं. तीन माणसं काढताना त्यानं खरंच पाहिलं नव्हतं. अर्धं वाक्य खरं असेल तर उरलेलं अर्धं किती जड असतं? एका भल्या माणसासाठी एक लहानसं खोटं. पण भल्या माणसासाठी लहानसं खोटं त्यानं एकदा बोलून पाहिलं होतं, आणि म्हणून रस्त्यानं चालताना त्याच्या डोळ्यांसमोर आता लच्छूची वांगी येऊ लागली. आठ वर्षं झाली. लच्छू म्हणून एक भरणी कामगार होता, हसरा. भद्रावतीच्या बाजारचा दिवस होता आणि लच्छूच्या बायकोचं डोहाळजेवण होतं. खिडकीशी येऊन म्हणाला, बाबू, बिल्ला माह्या नावानं काढल्यासारखं कर, मी असा जातो आन असा येतो. श्रावण नवा होता. त्याला वाटलं, एवढं तर माणुसकीनं करावं. त्यानं बिल्ला काढून खिशात ठेवला आणि वहीत लिहिलं: लच्छू, खाली, सात वाजून पाच. दहा वाजता, कोळसा काढून सोडून दिलेल्या जुन्या गाळ्यांकडची भिंत पाझरली आणि खाली पाणी भरू लागलं. भोंगा झाला. सगळे वर आले. श्रावणनं वही आणि बिल्ले ताडून पाहिले, आणि सगळ्यांनी त्याच्या खांद्यावरून वहीत पाहिलं. एक माणूस कमी होता.

त्या वेळी बोलायला हवं होतं. पहिल्या मिनिटाला तो बोलला नाही, कारण नोकरी जाईल. दहाव्या मिनिटाला बोलला नाही, कारण पहिल्या मिनिटाला का बोलला नाही असं विचारतील. तासाभरानं ते बोलणं इतकं अवघड झालं की त्याला स्वतःलाच वाटू लागलं, कोण जाणे, लच्छू बाजारातून परत येऊन उतरलाही असेल. शोधायला पंपवाले खलाशी खाली गेले. त्यांत मनसाराम होता. छातीइतक्या पाण्यात, दोरी कमरेला, दिवा डोक्यावर, सात तास. संध्याकाळी पाचच्या सुमारास लच्छू पिशवीत वांगी घेऊन आला, गर्दी पाहिली आणि एकाला विचारलं, कोणाले शोधून राह्यले? तो म्हणाला, लच्छूले. लच्छूला इतका संकोच वाटला की तो पिशवी बाजूला ठेवून अर्धा तास गर्दीबरोबर स्वतःची वाट पाहत उभा राहिला. एक म्हातारी रडत होती, तिला त्यानं धीरही दिला. मग कोणीतरी त्याला ओळखलं. खाणीच्या दुसऱ्या तोंडानं वर आलो होतो, घरी जाऊन झोपलो, असं काहीतरी तो सांगत राहिला, आणि आनंदाच्या भरात लोकांनी ते मानलं. मनसाराम वर आला तेव्हा त्याच्या बोटांची कातडी उकडलेल्या बटाट्यासारखी झाली होती. त्या बोटांनी त्यानं बिल्ला परत दिला. श्रावणनं वेळ लिहिली. पाच वाजून छत्तीस. त्या दिवसापासून त्यानं एकही नोंद कोणासाठी वाकवली नव्हती. आणि गुरुवारी त्याची पहिली कोणी न मागितलेली नोंद जाऊन पडली ती त्याच माणसावर.

मनसारामच्या क्वार्टरसमोर त्याची आई चुलीला फुंकर घालत बसली होती. गोकुळाबाई सकाळच्या एसटीनं फायनल पाहायला आली होती, शुक्रवारीच, म्हणजे जागा मिळेल. तिनं आजवर मुलाचा एकही सामना पाहिला नव्हता. मुलगा खाणीत काय काम करतो हे तिला कळायचं, पाणी काढतो. पाणी उपसून तळं कोरडं करण्यात काय शहाणपण आहे एवढं मात्र तिला कळत नसे. चेंडूचा खेळही तिनं आपल्या परीनं समजून घेतला होता. “जाळी हाये म्हणते,” ती श्रावणला म्हणाली, “आन तिले बूड नाई. मंग तिच्यात काय धरतेत जी?”

“काई नाई धरत, माय,” श्रावण म्हणाला. “टाकलं का खाली पडते. पुन्हा टाकतेत.”

“दिवसभर?”

“चाळीस मिनिटं.”

“मंग ठीक हाये,” गोकुळाबाई म्हणाली.

मनसाराम दाराच्या उंबऱ्यावर बसून कॅनव्हासच्या बुटांना ओला खडू लावत होता. नोटीस त्यानं वाचली होती. तरी खडू लावत होता. एक बूट पांढरा झाला होता, दुसरा अजून खाणीच्या रंगाचा. तेहतीस वर्षांचा, दारात बसला तरी दार भरून उरणारा माणूस. खेळ शिकला तोही असाच: कोण्या साहेबानं त्याची उंची पाहून हातात चेंडू दिला, आणि यानं तो फेकजाळं टाकावं तसा कमरेतून, दोन्ही हातांनी, भोवरा देऊन टाकला. आजही तो तसाच टाकायचा आणि बघणारे दर वेळी हसायचे, आणि चेंडू जायचा. श्रावण त्याच्यासमोर जमिनीवर बसला. काय बोलायचं ते त्यानं रस्त्यात नीट लावून ठेवलं होतं, नंबर घालून. पहिलं माफी, दुसरं सोमाजीभाऊंचा उपाय, तिसरं लच्छू. बोलताना तिसरं आधी निघालं. लच्छू खाली नव्हताच, तो म्हणाला. बाजारात होता. मले माहीत होतं. सात घंटे माहीत होतं.

मनसारामचा हात खडूवर थांबला नाही. “मले बी माहीत होतं,” तो म्हणाला.

श्रावणला वाटलं, आपण काहीतरी भलतंच ऐकलं.

“म्हणजे पाह्यलं होतं, सकायी. मी कामावर येऊन राह्यलो होतो, तो थैली हालवत बाजाराकडे जाऊन राह्यला होता. आवाज बी देल्ला मी त्याले. त्यानं ऐकलं नाई.”

“मंग तू पाण्यात काऊन उतरला, मनसारामभाऊ?”

“तुह्या वहीत लिवलं होतं ना, खाली हाये म्हणून.” त्यानं बूट वर धरून पाहिला. “मले वाटलं, वापस आला असन. एकीकडे माह्ये डोये, एकीकडे तुह्यी वही. कोणाचं खरं धराव? डोयाले तं सकायी चिपडं बी राह्यतेत. बाबू लिवते म्हणजे पाहूनच लिवत असन. मी म्हटलं, असन खाली. पाहाले पाहिजे.”

चुलीतला धूर सरळ वर जात होता. गोकुळाबाईनं भाकर उलटली. श्रावणला एकाएकी आठवलं की त्या दिवशी पाणी किती गार होतं हे आपण कधी कोणाला विचारलं नाही. त्याला ते आता विचारावंसं वाटलं आणि विचारता आलं नाही. त्यानं दुसरं सांगितलं, सोमाजीभाऊ झाडाकडे पाहून जे बोलले ते. उद्या मी म्हणतो, का मी डोळ्यांनी नाही पाहिलं. एवढंच. रविवारी तू खेळशील. माय पाहील.

खेळायचं मनसारामच्या मनात किती होतं हे त्या पांढऱ्या बुटावरून दिसत होतं. तो बूट त्यानं अगदी हळू खाली ठेवला, अंडं ठेवावं तसा. मग आईकडे पाहिलं. मग श्रावणकडे.

“पाह्यलं का नाई तू?”

“तू उठला ते पाह्यलं.”

“मंग?” मनसाराम म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, नुसती काळजी होती, जशी पंपाचा आवाज बदलला की असते. “बाबू, तू उद्या म्हणशीन का वहीत नाई पाह्यलेलं बी लिवलं राह्यते. सगळे आयकतीन. परवा कोणी खाली अडकला, तं पाण्यात जाणारा म्हणन, असन नाई तं नसन, बाबूची वही हाये. मंग कोण उतरन? आन मी सात घंटे कायच्यात उभा होतो मंग?”

“पण हा अन्याय हाये, भाऊ.”

“हाये ना,” मनसाराम म्हणाला. “मी कुठी म्हणतो नाई म्हणून. अन्याय हाये ते सांग. नाई पाह्यलं ते नको सांगू.” आणि जरा थांबून, जवळजवळ लाजत: “चार बावन्नले उठलो होतो मी? मले वाटलं होतं पावणेपाच झाले असतीन.”

शनिवारी समितीपुढे श्रावणनं ते सांगितलं. समितीत तिघं होते: सोमाजीभाऊ, एक इंजिनिअर साहेब आणि वारलूभाऊ नावाचे एक जुने पैलवान, ज्यांना दर समितीत घेत कारण ते आधीच बसलेले असत. मी पाहिलं, श्रावण म्हणाला, तो उठला. चार बावन्न बरोबर आहे. सोमाजीभाऊंनी डोळे मिटले. पण पुढचं मी लिहिलं नाही, ते आता सांगतो, श्रावण म्हणाला: त्यानं तीन माणसं बाहेर काढली, एकालाही मारलं नाही, ते मी वहीत लिहायला हवं होतं, माझी मान खाली होती. आणि साहेब, लीगमधला एक सामना म्हणजे बारामधला एक. फायनल म्हणजे एकामधला एक. गुन्हा तेवढाच असून शिक्षा बारापट कशी होते? इतकं सलग तो नऊ वर्षांत कोणासमोर बोलला नव्हता. इंजिनिअर साहेबांना हिशेब आवडला. त्यांनी कागद घेतला आणि फायनलच्या चाळीस मिनिटांचा बारावा भाग काढला: तीन मिनिटं वीस सेकंद. तेवढाच वेळ मनसारामला बाहेर बसवावं का? यावर वीस मिनिटं चर्चा झाली, पण कोणती तीन मिनिटं, सुरुवातीची की शेवटची, यावर एकमत होईना. वारलूभाऊ म्हणाले, त्याला खेळू द्या, पण मधल्या रेषेच्या अलीकडेच. क्षणभर सगळ्यांना ते पटलंही. मग सोमाजीभाऊंनी डोळे उघडले. “साहेब,” ते म्हणाले, “तीन नंबरच्या बाकावर बी दोन पोट्टे होते. त्यायच्यातल्या एकाचा सख्खा भाऊ मार खाऊन राह्यला होता. तो उठला नाई. नियम हाये म्हणून बसून राह्यला, रडत. आता आपण मनसारामले सोडलं, तं त्या पोट्ट्याले काय सांगाचं?” त्या पोराला श्रावणनं पाहिलंच नव्हतं. बसून राहणाऱ्याची नोंद होत नाही. शिक्षा कायम झाली. इंजिनिअर साहेबांनी तीन मिनिटं वीस सेकंदांचा कागद नीट घडी करून खिशात ठेवला.

निलंबित खेळाडूनं मैदानाच्या आवारात नसावं, असंही नियमात होतं. आवार म्हणजे एका बाजूला क्रशरची धूळ अडवायला उभे केलेले पत्रे, माणसापेक्षा दीडपट उंच. रविवारी साडेतीन वाजता मनसाराम त्या पत्र्यांच्या पलीकडे जाऊन बसला, आईला घेऊन. गोकुळाबाईला आत जाऊन पाहायला कोणाची मनाई नव्हती. ती म्हणाली, पोरगा इथी तं मी तिथी काय पाहू. श्रावण टेबलाशी बसला, वही उघडली, पेनाचं टोपण काढलं. सामना सुरू झाला आणि पहिली टोपली सहा नंबरची झाली. लोक ओरडले. दुसरी तीन नंबरची झाली. लोक ओरडले, अगदी तसेच. तेव्हा श्रावणच्या ध्यानात आलं की पत्र्यापलीकडे दोन्ही ओरडणी सारखीच पोचत असणार. तिथे बसलेल्या माणसाला चेंडू आपटल्याचा आवाज येत असेल आणि कोणाचा ते कळत नसेल. त्यानं लिहिलं, आणि मग उभं राहून, मान वर करून, पत्र्यांच्या दिशेनं मोठ्यानं ओरडला: “दोन–दोन!” पंचानं वळून पाहिलं. टेबलाशी बसलेला घड्याळवाला म्हणाला, काय झालं बे? श्रावण खाली बसला. पुढची टोपली झाली, लिहिली, पुन्हा उठला. “चार–दोन! आपली!” पंच जवळ येऊन म्हणाला, गुणलेखकानं ओरडायचं नसतं. असा नियम दाखवा, श्रावण म्हणाला. पंचानं नियमांचं पुस्तक आठवून पाहिलं. गुणलेखक ओरडेल असं पुस्तक लिहिणाऱ्याच्या डोक्यातही आलं नव्हतं.

चाळीस मिनिटं तो उठत होता आणि बसत होता. नुसता गुण सांगणं त्याला पुरेना. कोणी टाकला, कुठून टाकला, कसा हुकला, हेही तो सांगू लागला. आणि सांगायचं तर बघावं लागत होतं, मान वर ठेवून, म्हणून लिहिताना त्याच्या ओळी पहिल्यांदाच वाकड्या जाऊ लागल्या. बुटक्या फोरमननं दोघांच्या मधून चेंडू काढला तो त्यानं पाहिला. तीन नंबरच्या बाकावर एक कोवळा पोरगा नखं खात होता, तोही पाहिला. मधूनच पत्र्यामागून मनसारामचा आवाज येई, “डाव्या अंगानं जा म्हणा त्याले!” आणि श्रावण तोंडावर हाताचा कर्णा करून ते कप्तानाला सांगे, आणि गुणलेखक असं काही सांगत असतो का हा प्रश्न आता पंचानंही सोडून दिला होता. सहा नंबर हरत होती, मग सावरली, मग पुन्हा हरू लागली. शेवटच्या मिनिटाला चाळीस–एक्केचाळीस. शेवटचा चेंडू फोरमननं टाकला, कडीवर बसला, कडीभोवती इतका वेळ फिरला की श्रावणला त्याबद्दल एक आख्खं वाक्य ओरडून सांगता आलं. मग तो बाहेर पडला. शिट्टी झाली. सगळं मैदान ओरडलं, जिंकलेले आणि हरलेले मिळून एकच आवाज, आणि त्या आवाजातून पत्र्यापलीकडे काहीही कळणं शक्य नव्हतं.

श्रावण उभा राहिला. तिकडे सगळं शांत होतं. वाट पाहणाऱ्या माणसांची शांतता असते तशी. हा निकाल त्या बाजूला फक्त त्याच्या तोंडून जाणार होता, आणि त्याला ठाऊक होतं की तो जे सांगेल ते पलीकडचा माणूस आपल्या कानांपेक्षा खरं धरेल.

“चाळीस–एक्केचाळीस!” तो ओरडला. “हरलो आपण, मनसारामभाऊ!”

पलीकडून आलं ते गोकुळाबाईचं, “म्हणजे कसं झालं, बापा?” आणि मनसारामचं आईला समजावणं, हळू, पत्र्याच्या फटीतून येणारं: “एकानं, माय. लय झालं तं एकानं.”

मग मोठ्यानं, “बाबू!”

“हो!”

“लिवून झालं का?”

“झालं!”

“मंग ये इकडं. मायनं भाकरी बांधून आणल्या हायेत. तिघाइच्या हायेत.”

पत्र्यांना त्या बाजूनं फाटक नव्हतं. क्रशरला पूर्ण वळसा घालून जावं लागे, दहा मिनिटं तरी. श्रावणनं वही टेबलावर उघडीच ठेवली आणि तो निघाला. थोडं अंतर गेल्यावर पत्र्यामागून पुन्हा हाक आली, आणि त्यानं चालता चालताच ओरडून सांगितलं, आलो, आलो, कडुनिंबापाशी आलो, आता वळलो.